बेंगळुरूच्या थंडीची कुळकथा

बेंगळुरूत बर्फ पडल्याची एकही नोंद नाही. तरीही ‘बेंगळुरूचे काश्मीर झाले’ अशा मथळ्याचे फोटो वर्षा-दोन वर्षांनी मोबाइलवर येऊन पडतात. नीट निरखले तर कधी ते वळवाच्या पावसात अंगणात साचलेल्या गारांचे असतात, कधी वर्तूर तळ्यातून उडून रस्त्यावर आलेल्या फेसाचे. नवे लोक चकित होतात, जुने उसासा टाकतात. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात एखाद्या कार्यक्रमानंतर चहाला थांबलात, तर पंचाहत्तरी ओलांडलेले कुणीतरी काका हमखास सांगतील, की त्यांच्या लहानपणी घरात पंखा नव्हता, एप्रिलमध्येही पहाटे पांघरूण ओढावे लागे आणि डिसेंबरात शाळेत जाताना तोंडातून वाफ निघे.

यातले खरे किती आणि आठवणीने चढवलेले किती, हे तपासता येते. या शहराच्या थंडीची कागदोपत्री नोंद सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि कागदाच्या आधीची हकिकतही बरीचशी ठाऊक आहे. त्या थंडीचे मूळ कुठे, तिला कुणी वाढवले, कुणी खर्चून टाकले, याचा हा मागोवा.

13 जानेवारी 1884

शहराच्या वेधशाळेच्या दप्तरातला आजवरचा नीचांक 7.8 अंश सेल्सिअस आहे. तारीख 13 जानेवारी 1884. तेव्हाचे तापमापक फॅरनहाइटचे, त्यामुळे त्या सकाळी वाचणाऱ्याने वहीत 46 असा आकडा लिहिला असणार, 7.8 हे नंतरचे रूपांतर.

किमान तापमान मोजण्याची रीत साधी आणि मोठी चतुर आहे. या नळीत पारा नसतो, अल्कोहोल असते, आणि त्यात टाचणीएवढी एक काळी काडी बुडालेली असते. नळी आडवी ठेवतात. गारवा वाढला की द्रव आक्रसतो आणि त्याचा पृष्ठभाग काडीला मागे ओढत नेतो. उजाडल्यावर द्रव पुन्हा प्रसरण पावतो, पण काडीला ओलांडून पुढे जातो. काडी रात्रीच्या सर्वांत थंड क्षणापाशी तशीच पडून राहते. सकाळी निरीक्षक येतो, काडीचे टोक वाचतो, नळी तिरकी करून काडी पुन्हा जागेवर आणतो. रात्रभर कुणी जागे राहायला नको. त्या काळात हिंदुस्थानातल्या वेधशाळांमधून अशा नळ्या गवताने शाकारलेल्या, चहूबाजूंनी मोकळ्या मांडवात टांगत. लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेट्या सर्रास आल्या त्या पुढे. म्हणून 1884 चा आकडा आजच्या आकड्याशी ताडताना अर्ध्या-पाव अंशावरून वाद घालण्यात अर्थ नाही. पण आजची तफावत अर्ध्या-पाव अंशाची नाहीच.

या नीचांकाला सोबतीही आहेत. डिसेंबरचा विक्रम 8.9 अंशांचा, तो 29 डिसेंबर 1883 चा. फेब्रुवारीचा 9.4, तोही 1884 चाच. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तिन्ही महिन्यांचे विक्रम एकाच हिवाळ्याने नोंदवले आणि ते अजून कुणी मोडलेले नाहीत. एका रात्री पारा घसरला असता तर त्याला योगायोग म्हणता आले असते. इथे अख्खा हंगामच गारठलेला होता.

त्या हिवाळ्याआधी जगात एक मोठी घटना घडून गेली होती. 27 ऑगस्ट 1883 रोजी सुंदा सामुद्रधुनीतला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याची बारीक धूळ आणि गंधकाचे कण वातावरणाच्या वरच्या थरात पसरले. सप्टेंबरात मद्रासच्या लोकांनी हिरवा सूर्य पाहिला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मिची स्मिथ यांनी त्याची शास्त्रीय निरीक्षणे नोंदवून ठेवली. हेच स्मिथ पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे प्रमुख झाले. त्यानंतरच्या वर्षभरात उत्तर गोलार्धाचे सरासरी तापमान किंचित उतरले. एका पहाटेच्या 46 फॅरनहाइटचे पितृत्व थेट ज्वालामुखीला देता येणार नाही, कारण एका रात्रीची थंडी वारा आणि निरभ्र आकाश ठरवते. पण ज्या हिवाळ्यात बेंगळुरूचे तिन्ही विक्रम झाले, त्या हिवाळ्यात अवघे जग नेहमीपेक्षा थोडे गार होते, हे खरे.

आणि 1884 सालीच हिमाचा धागा बेंगळुरूपर्यंत वेगळ्या वाटेने आला. हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला, की हिमालयात बर्फ जास्त पडले आणि उशिरापर्यंत टिकले तर पुढचा पावसाळा कमजोर जातो. 1876 ते 78 च्या दुष्काळाने म्हैसूर संस्थान होरपळून निघाले होते, त्यामुळे पावसाचा अंदाज हा तेव्हा पोटापाण्याचा विषय होता. दोन हजार किलोमीटरवरच्या हिमवर्षावाची बेंगळुरूला खरी झळ पोचायची ती अशी, पावसातून.

मराठी वाचकाला मापाची कल्पना यावी म्हणून आपल्याकडचे आकडे शेजारी ठेवू. पुण्याचा नीचांक 17 जानेवारी 1935 चा, 1.7 अंश. नाशिकचा 7 जानेवारी 1945 चा, 0.6. आणि मुंबईत सांताक्रूझला 27 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 पर्यंत उतरला होता. म्हणजे समुद्रकाठच्या, एरवी घामाने चिंब असणाऱ्या मुंबईचा विक्रम बेंगळुरूपेक्षा थंड! बेंगळुरूची ख्याती कडाक्याच्या थंडीची कधीच नव्हती. वर्षभर अंगाला सोसेल अशा हवेची ती ख्याती होती.

दोन तऱ्हेची थंडी

बेंगळुरू, चेन्नई आणि मंगळुरू ही तीन शहरे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. बेंगळुरू तेवढे 920 मीटर उंचीवर. हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे सहा अंशांची सूट बेंगळुरूला भूगोलाने जन्मतः दिलेली आहे. कुळकथेतला हा मूळपुरुष. तो अजून शाबूत आहे.

उत्तरेची थंडीची लाट मात्र इथवर क्वचित पोचते. ती परभणी, नांदेड ओलांडून बिदर, कलबुर्गी, विजयपूरपर्यंत येते आणि खाली येता येता ओसरते. म्हणून दर हिवाळ्यात कर्नाटकातल्या नीचांकांच्या बातम्या बहुधा बिदर-विजयपूरच्या असतात, राजधानीच्या नसतात.

बेंगळुरूची स्वतःची थंडी दोन तऱ्हेची. पहिली जानेवारीतली. ईशान्य मोसमी पाऊस आटोपतो, आकाश धुतल्यासारखे होते, हवा कोरडी पडते. दिवसा लख्ख ऊन, पण मावळतीनंतर जमीन आपली ऊब थेट आकाशात सोडून देते आणि पहाटेपर्यंत गारठते. ही थंडी रात्रीची, आणि ती मोकळ्या जमिनीवर अवलंबून आहे. दुसरी तऱ्हा नोव्हेंबर-डिसेंबरातली. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ तयार होऊन तमिळनाडूच्या किनाऱ्याकडे सरकले की बेंगळुरूवर दोन-तीन दिवस ढग मुक्काम ठोकतात. सूर्य दिसत नाही, भुरभुर पाऊस चालू, वारा बोचरा. 2022 च्या डिसेंबरात मंदौस वादळ आणि 2024 च्या नोव्हेंबरअखेर फेंगल वादळ आले तेव्हा शहर असेच काकडले होते. त्या दिवसांत रात्र फारशी थंड नसते. दिवसच चढत नाही. रिक्षावाला कानटोपी घालून ‘तुंबा चळि, सार’, म्हणजे फार थंडी आहे साहेब, म्हणतो ते याच दिवसांत.

आजच्या बेंगळुरूकराला हिवाळा म्हणून जो आठवतो तो बहुतेक या दुसऱ्या तऱ्हेचा. 1884 चा विक्रम पहिल्या तऱ्हेचा होता. आणि शहराने गमावली आहे ती पहिलीच. ढगांच्या थंडीला शहराच्या बांधकामाची फिकीर नसते. निरभ्र रात्रीच्या थंडीला असते.

शहाजीराजांची जहागीर, गोऱ्यांची छावणी

केंपेगौडाने 1537 च्या सुमारास मातीचा कोट बांधून गाव वसवले, तेव्हाच तळीही खोदली. इथे मोठी नदी नाही. पाऊस अडवला तरच पाणी, म्हणून टेकड्यांच्या उतारावर एकाखाली एक तळ्यांच्या साखळ्या. वरचे भरले की सांडवा खालच्यात. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हा मुलूख घेतला आणि तो शहाजीराजांच्या जहागिरीत आला. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहून गेले. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यातून त्या दरबाराचा थाट कळतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते उजेडात आणले. राजांचा मुक्काम बेंगळुरूखेरीज कोलार आणि बाळापूरलाही असे, म्हणजे याच पठाराच्या गार पट्ट्यात. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाशी शहाजीपुत्र व्यंकोजीराजांचे नाव जोडलेले आहे. तिथल्या झाडीत आजही पहाटे चार पावले चाललात तर बाहेरच्या रस्त्यापेक्षा गारवा जाणवतो. 1687 मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बेंगळुरू जिंकले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांत देऊन टाकले. शहर विकण्याची परंपरा इथे जुनीच.

हैदर अलीने 1760 मध्ये लालबागेचा पाया घातला, टिपूने परदेशांतून रोपे आणवली. टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांचे लष्कर श्रीरंगपट्टणला होते, पण तिथल्या तापाने शिपाई पटापट मरू लागले. म्हणून 1809 मध्ये छावणी बेंगळुरूला हलवली. या शहराच्या हवेला सरकारी प्रमाणपत्र मिळाले ते तेव्हा.

गोऱ्यांनी इथे बंगले बांधले त्यांत एक गोष्ट हमखास असे: दिवाणखान्यातले भिंतीतले शेगडीघर आणि छपरावर धुराडे. दक्षिण हिंदुस्थानातल्या सपाटीवरच्या शहरात घर गरम करायची सोय! जुन्या छावणीतले जे थोडे बंगले उरले आहेत त्यांच्या कौलांवर ही धुराडी अजून दिसतात. आतल्या शेगडीघरात मात्र आता फुलदाणी किंवा वायफायचा राउटर असतो. पेठेतल्या, म्हणजे ‘पेटे’तल्या घरांत शेगडीघर नव्हते, पण न्हाणीत चुलीवर कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा असे, नारळाच्या सोडणांवर पाणी तापे आणि पहाटे घरची मुले त्या चुलीपुढे हात शेकत बसत. कोबी, मटार, स्ट्रॉबेरी यांची लागवड छावणीभोवती स्थिरावली. बेंगळुरूच्या आसपास एके काळी सफरचंदेही पिकत, हे आज सांगितले तर लोक थट्टा समजतात. सफरचंदाच्या झाडाला फळ धरायला हिवाळ्यात काही शे तासांची थंडी लागते. त्या झाडांनी एका अर्थी हवामानाची नोंदच ठेवली होती.

1896 मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण घोडदळातला अधिकारी इथे आला आणि त्यानेही आत्मचरित्रात या हवेची तारीफ करून ठेवली. निवृत्त साहेब, मग निवृत्त देशी अंमलदार, मग निवृत्त बँकवाले अशी रीघ लागली. ‘पेन्शनरांचा स्वर्ग’ हे बिरुद त्यातून आले. थंडी ही आता बेंगळुरूची जाहिरात झाली होती.

पाणी लांबून आले आणि तळी पोरकी झाली

मूळपुरुष उंची, दुसरी पिढी माणसांनी घडवली. तळी, बागा, मोकळी मैदाने, बैठी घरे, दुतर्फा झाडे. 1882 मध्ये कर्नल रिचर्ड सँकी यांनी मल्लेश्वरमजवळ तळे बांधले. म्हणजे त्या ऐतिहासिक हिवाळ्यात सँकी तळे जेमतेम दोन वर्षांचे होते. 1881 च्या खानेसुमारीत शहर आणि छावणी मिळून वस्ती दीड लाखाच्या आसपास, आणि दोहोंच्या मध्ये कब्बन पार्क पसरलेला. 1898 च्या प्लेगनंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी वसले तेही ऐसपैस, हवा खेळती राहील अशा बेताने. 1908 मध्ये जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल लालबागेत आले आणि त्यांनी अशा जातींची झाडे लावण्याची रीत घातली, की एकीचा बहर ओसरला की दुसरीला फुले यावीत.

पण या पिढीच्या ऱ्हासाची सुरुवातही तेव्हाच झाली, आणि ती एका चांगल्या कामातून झाली. 1890 च्या दशकात हेसरघट्टा तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे 1930 च्या दशकात तिप्पगोंडनहळ्ळीचे, 1970 च्या दशकात कावेरीचे. पाणी लांबून येऊ लागले आणि गावातली तळी पिण्याच्या कामाची उरली नाहीत. ज्याचा रोज उपयोग त्याची निगा. उपयोग संपला की ती जागा नकाशावर ‘रिकामी’ दिसू लागते. धर्मांबुधी तळ्यावर मॅजेस्टिकचे बसस्थानक उभे राहिले. संपंगी तळ्याचे कंठीरव स्टेडियम झाले. कोरमंगला तळ्याच्या जागी 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी नॅशनल गेम्स व्हिलेजच्या इमारती आल्या. भारतीय विज्ञान संस्थेचे टी. व्ही. रामचंद्र यांच्या अभ्यासाप्रमाणे 1973 नंतरच्या चार दशकांत शहराच्या परिसरातले सुमारे 79 टक्के जलक्षेत्र आणि 88 टक्के हिरवे आच्छादन गेले.

इथे एक भेद नीट केला पाहिजे, कारण हळहळीच्या भरात तो विसरला जातो. तळी गेली म्हणून जानेवारीतली थंडी गेली, हे पुरते खरे नाही. पाणी हळू तापते आणि हळू निवते. तळ्याकाठची रात्र उलट थोडी उबदारच असते. तळी आणि झाडे यांचे काम मुख्यतः दिवसाचे: बाष्पीभवनाने दुपार निववणे. त्यांच्या जाण्याचा फटका एप्रिलला बसला. जानेवारीच्या रात्रीची थंडी संपवली ती सिमेंट, डांबर आणि दाटीने. दिवसभर भिंती आणि रस्ते ऊन पितात, रात्री ते सावकाश सोडतात, आणि उंच इमारतींच्या घळीतून त्या उष्णतेला आकाशाचा तुकडाच पुरेसा दिसत नाही. वर कोटीहून अधिक नोंदणीकृत वाहनांची आणि वातानुकूलन यंत्रांची ऊब. जमिनीची ऊब रात्रीतून निघून गेलीच नाही, तर पहाट गार व्हायची कशी?

पांढरे ते सगळे बर्फ नव्हे

आता त्या फोटोंकडे. 21 मे 2023, रविवार दुपार. आकाश काळवंडले, वीज कडाडली आणि शहराच्या अनेक भागांत गारांचा मारा झाला. झाडे पडली, केआर सर्कलचा भुयारी रस्ता तुंबून त्यात एका तरुणीचा जीव गेला. गच्च्यांवर साचलेला पांढरा थर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होता. कन्नडमध्ये गारांना आलिकल्लू म्हणतात. गारा हे उन्हाळ्याचे अपत्य: तापलेली दमट हवा झपाट्याने दहा-बारा किलोमीटर वर चढते, पाण्याचे थेंब गोठण-पातळीच्या वर नेऊन फेकते, तिथे थरावर थर चढतात आणि वजन पेलेनासे झाले की गोळे खाली येतात. म्हणजे बेंगळुरूत जमिनीवर बर्फ सर्वांत जास्त दिसते ते ऐन उन्हाळ्यात, आणि त्यावरून हिवाळ्याबद्दल काहीच कळत नाही.

2021 च्या फेब्रुवारीत कोडगू जिल्ह्यात शनिवारसंतेच्या बाजूला कॉफीचे मळे असेच पांढरे झाले होते. आपल्याकडे 2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडे गारपिटीने जो धुमाकूळ घातला, त्यातही शेतेच्या शेते बर्फाने झाकल्यासारखी दिसत होती. पण ज्याचा हातातोंडाशी आलेला गहू, हरभरा आणि द्राक्षबाग झोपली, त्या शेतकऱ्याला त्यात काश्मीर दिसले नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठते ते दव. 2019 च्या जानेवारीत मुन्नारच्या चहामळ्यांवर पसरलेली चादरही दवाचीच होती. ढगातून भुरभुरत येणारे हिम यांपैकी कुठेच नव्हते.

आणि बेंगळुरूचे स्वतःचे, घरगुती ‘बर्फ’ म्हणजे बेळ्ळंदूर आणि वर्तूर तळ्यांचा फेस. 2015 पासून तो देशभर गाजला. शहराचे सांडपाणी या साखळीत उतरते. साबण-डिटर्जंटमधले फेसकारी घटक आणि फॉस्फेट तळाच्या गाळात साठतात. पाऊस झाला की गाळ ढवळतो, पाणी सांडव्यावरून आपटते आणि माणसाच्या उंचीचे फेसाचे डोंगर उभे राहतात. वारा सुटला की गठ्ठे उडून रस्त्यावर, दुचाकीवाल्याच्या हेल्मेटच्या काचेवर. त्याला वास असतो आणि अंगाला लागला तर खाज. फेब्रुवारी 2017 आणि जानेवारी 2018 मध्ये बेळ्ळंदूर तळ्यात आग लागली; दुसऱ्या खेपेला विझवायला हजारो जवान उतरवावे लागले. ज्या शहराला थंडीसाठी नावाजत, त्या शहराच्या तळ्याला ऐन जानेवारीत आग लागली, याहून बोचरा तपशील या कुळकथेत दुसरा नाही.

खऱ्यासारखे बर्फ बघायचेच असेल तर जे. सी. नगरात ‘स्नो सिटी’ नावाचे बंदिस्त केंद्र निघाले. तिकीट काढायचे, भाड्याचा कोट आणि बूट चढवायचे आणि उणे तापमानात घसरगुंडी खेळायची.

आजचे आकडे

आज बेंगळुरू शहरात जानेवारीचे सरासरी किमान तापमान 16 अंशांच्या आसपास असते. एखाद्या पहाटे ते 12 पर्यंत उतरले तरी पहिल्या पानाची बातमी होते. हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे सपाटीवर थंडीची लाट म्हणायला किमान तापमान 10 किंवा त्याखाली जावे लागते. त्या हिशेबाने 1883-84 च्या त्या रात्री थंडीच्या लाटेच्या कक्षेत येतात. आजच्या शहरात ती पायरी दूरच राहते. दुसऱ्या टोकाला 2016 च्या एप्रिलमध्ये कमाल तापमान 39.2 वर गेले, आणि 28 एप्रिल 2024 रोजी 38.5 वर. त्या 2024 च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, टँकरच्या रांगा लागल्या. काकांनी सांगितलेला पंख्याविनाचा एप्रिल म्हणूनच अविश्वसनीय वाटतो, पण तो खोटा नाही. तोंडातून वाफ निघायची हेही खरे. दमट हवेत 10-12 अंशांना ती सहज दिसते. आठवणीने जी भर घातली आहे ती एवढीच, की तशा पहाटा रोजच्या नव्हत्या.

हिवाळ्याच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीसमोर शेंगदाण्यांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. डिसेंबर लागला की बाजारात अवरेकाईचे, म्हणजे आपल्या पावट्याच्या भावंडाचे, ढीग लागतात. शेंग दवात भिजून आली की तिला एक तेलकट, उग्र-गोड वास सुटतो. त्याला इथे सोगडू म्हणतात. जाणती गृहिणी शेंग बोटांत चोळून, हुंगून मगच पिशवी पुढे करते. वास नसेल तर ‘दव पडलेच नाही यंदा’ असे म्हणून पुढच्या पाटीकडे वळते. हवामान खात्याचा अंदाज चुकेल, ही परीक्षा क्वचित चुकते. तिबेटी विक्रेते लोकरीचे स्वेटर घेऊन येतात आणि नंदी टेकडीच्या वाटेवर रविवारी पहाटे चारपासून मोटारींची रांग लागते. थंडी आता गाडी काढून बघायला जायची गोष्ट झाली आहे.

पण तिच्यासाठी 1,478 मीटरवरच्या नंदी टेकडीपर्यंत जायचीही गरज नाही. बेंगळुरूच्या हवामानाचे आकडे एकाहून अधिक ठिकाणी नोंदवले जातात. एक केंद्र शहराच्या मध्यात, पॅलेस रोडवर. दुसरे देवनहळ्ळीला, केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर. दोन्हींची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ सारखी, साधारण 915 ते 920 मीटर. एकाच पठारावर, एकाच आकाशाखाली. तरी जानेवारीतल्या निरभ्र पहाटे देवनहळ्ळीचा आकडा बहुधा शहराच्या आकड्यापेक्षा खाली असतो, कारण तिथे भोवताली अजून मोकळी जमीन आहे. तीही आता झपाट्याने भूखंडांत मोडते आहे.

तेव्हा जुन्या बेंगळुरूत बर्फ पडायचे की नाही, यावर वाद घालणाऱ्यांना एक विनंती. येत्या जानेवारीत, आकाश निरभ्र असेल अशा कुठल्याही सकाळी, हवामान खात्याने दिलेले हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहा. उंची एक, अक्षांश एक, रात्रही तीच. त्या दोहोंतला फरक बहुतांशी आपण स्वतः बांधलेला आहे, आणि देवनहळ्ळीभोवतीची माळराने, लालबागेचे 240 एकर, विज्ञान संस्थेचा आणि कृषी विद्यापीठाचा परिसर राखला, तरच तो आणखी वाढणार नाही.